मुंबईत लॉन-देखभालीचा धंदा सुरू करताय? या चुका टाळा

लॉनच्या कामात उतरणारा बहुतेक जण आधी मशीन बघायला जातो, आणि गाडी तिथेच चुकते. मुंबईत हा धंदा तोट्यात जातो तो जागा न मोजता, ऊन न बघता आणि पावसाळ्याचा हिशेब न धरता दिलेल्या दरामुळे. मशीन नंतरही बदलता येतं. सोसायटीशी वर्षभरासाठी ठरवलेला दर मध्येच वाढवून मिळत नाही.

फोनवर दर सांगणं

"छोटंसंच लॉन आहे हो, महिन्याचे किती घ्याल?" या प्रश्नाला फोनवर आकडा सांगू नका. टेप घेऊन जा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजा: गवताचे चौरस फूट, कडांचे रनिंग फूट आणि वाटेत येणारी झाडं, दिवे, बाकं. वेळ खातात त्या कडा आणि अडथळे, मधलं गवत नाही. १४ इंची मशीनचा पट्टा थोडा एकमेकांवर धरला तर एका फेरीत साधारण १ फूट रुंदी निघते. म्हणजे २,००० चौरस फुटांना २,००० फूट, सुमारे ६०० मीटर चालणं. हे अर्ध्या तासात होतं. पण कडा, खराट्याने गोळा करणं आणि पोती भरणं धरून तेच काम दीड तासावर जातं. दर त्या दीड तासाचा लावा.

दुसरी गफलत कटिंगच्या संख्येची. नवखा माणूस डिसेंबर-जानेवारीत जागा बघतो, गवत सुस्त असतं, म्हणून "महिन्यात दोनदा" लिहून देतो. जूनमध्ये पाऊस लागला की तेच गवत ८ ते १० दिवसांत अंगावर येतं. जून ते सप्टेंबर महिन्याला ३ ते ४ आणि उरलेले आठ महिने २ धरले, तर वर्षाच्या २८ ते ३२ कटिंग होतात. दोनच्या हिशेबाने २४. मधल्या चार ते आठ कटिंग तुमच्या खिशातून. पावसाच्या दिवसांत ठरलेली तारीख हमखास हुकते, म्हणून करारात तारीख न लिहिता महिन्याच्या कटिंगची संख्या लिहा, पावसाळ्याची वेगळी.

ऊन न बघता गवताची हमी देणं

टॉवरच्या पोडियमवर (पार्किंगच्या छतावरच्या बागेत) दोन इमारतींच्या मध्ये ऊन जेमतेम दोन-तीन तास येतं. मेक्सिकन किंवा सिलेक्शन वन या गवताच्या जातींना रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. सावलीत ते आधी उंच आणि विरळ होतं, मग खाली माती दिसायला लागते, पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं. खत कितीही घाला, उपयोग नाही. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता त्या कोपऱ्याचा फोटो काढा आणि कोटेशनसोबत जोडा. "या भागाची हमी नाही, इथे सिंगोनियम किंवा स्पायडर प्लांट लावू" हे आधीच लिहून दिलं की सहा महिन्यांनी जनरल बॉडीत तुमचं नाव निघत नाही.

पोडियमवर आणखी एक धोका असतो. मातीचा थर पातळ, खाली वॉटरप्रूफिंग. माती घट्ट झाली म्हणून भोकं पाडताना सळई तीन इंचांच्या खाली जाऊ देऊ नका. खालच्या पार्किंगमध्ये एक थेंब गळला तरी बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल. पाणी तासाभरानंतरही साचून राहत असेल, तर भोकं पाडण्याआधी निचऱ्याची जाळी उघडून बघा. बहुतेक वेळा कापलेल्या गवताचाच बोळा अडकलेला असतो. मेअखेर ही जाळी साफ करणं कामाच्या यादीत घ्या.

सगळ्या कामाला ब्रश कटर

ब्रश कटर (लांब दांड्याच्या टोकाला फिरणारं पातं किंवा नायलॉन तार) उंच वाढलेलं रान आणि कडा यांच्यासाठी आहे. त्याने पूर्ण लॉन मारलं की पृष्ठभाग लाटांसारखा दिसतो आणि जिथे हात खाली गेला तिथे पिवळे चट्टे पडतात. बजेट कमी असेल तर सपाट, लहान लॉनला हाताने ढकलायचं रीळ मशीन आधी घ्या: पेट्रोल नाही, आवाज नाही, सकाळी सातला कोणी खिडकीतून ओरडत नाही. ब्रश कटर सुरुवातीला भाड्याने आणा.

रीळ मशीन नीट कापत नसेल तर कागदाची परीक्षा करा. वर्तमानपत्राची पट्टी रीळ (फिरणाऱ्या पात्यांचा दंडगोल) आणि खालच्या स्थिर पात्यामध्ये धरून रीळ हाताने हळू फिरवा, बोटं लांब ठेवून. पट्टी कात्रीने कापल्यासारखी तुटली तर ठीक. दुमडली तर दोन्ही बाजूंचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळा. एकाच टोकाला दुमडली तर फक्त तीच बाजू आवळा. कापल्यानंतर दोन दिवसांनी गवताची टोकं पांढरट, दोऱ्या निघाल्यासारखी दिसली तर पातं बोथट आहे, रोग नाही. त्यावर बुरशीनाशक मारण्यात पैसे घालवू नका.

टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल गेलं की काही मिनिटांत पिस्टन जाम होतो. टाकीजवळच्या स्टिकरवर प्रमाण लिहिलेलं असतं: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली टू-टी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. मिश्रण दोन आठवड्यांपुरतंच करा. पेट्रोलमधलं इथेनॉल मुंबईच्या दमट हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटर चोंदतो. काम संपलं की टाकी रिकामी करा, मग उरलेल्या इंधनावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मशीन लोकलने नेत असाल तर टाकी कोरडी हवीच: डब्यात पेट्रोल नेणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. जोडशाफ्टचं मॉडेल घेतलं तर दोन तुकडे करून नेता येतं.

नायलॉन तार झाडाच्या खोडाजवळ नेऊ नका. साल गोल सोलली गेली की झाड उभ्या उभ्या वाळतं. आणि पार्क केलेल्या गाड्यांच्या बाजूला काम असेल तर खडे आधी वेचा. एका काचेचा खर्च महिन्याचा नफा घेऊन जातो.

इलेक्ट्रिक मशीन वापरणार असाल तर लांब, बारीक वायर लावू नका. व्होल्टेज पडतं आणि मोटर तापून जळते. ३० मीटरसाठी निदान १.५ चौरस मिमीची तीन-कोअर वायर हवी, प्लगला ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवं. ओल्या गवतावर इलेक्ट्रिक मशीन अजिबात नको.

एकदम खोल कापणं

सुट्टी किंवा पावसामुळे गवत चार इंच वाढलं, की "एकदाच बारीक करा" असा आग्रह होतो. एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. आधी तीन इंच, पाच-सहा दिवसांनी दोन, मग नेहमीची उंची. मेक्सिकनला दीड इंच पुरे. ओलं गवत गठ्ठ्याने वर राहू दिलं की खाली बुरशीचे गोल डाग पडतात, त्यामुळे पावसाळ्यात प्रत्येक काडी उचलावी लागते. सोसायटीचा कंपोस्ट खड्डा असेल तर गवत सुक्या पानांत मिसळून टाका. नुसतं ओलं गवत दोन दिवसांत वास मारतं.

खत, पाणी, लव्हाळा

युरिया १०० चौरस फुटांना ९० ते १०० ग्रॅम पुरतो. कोरड्या गवतावर भुरभुरून लगेच भरपूर पाणी द्या, नाहीतर मुठीच्या आकाराचे करपलेले डाग पडतात. धो-धो पावसाच्या तोंडावर टाकलेला युरिया गटारात जातो. पाणी कोण देणार हे करारात लिहा. मे महिन्यात १,००० चौरस फुटांना ५ मिमी पाणी म्हणजे सुमारे ४६५ लिटर. पाणीकपातीत ते कुठून येणार? खाडीजवळच्या बोअरचं पाणी खारट असेल तर टोकं तपकिरी होतात.

लव्हाळा हे तण बहुतेकदा स्वस्त लाल मातीतून आणि कच्च्या शेणखतातून येतं. वरून उपटलं की खालची गाठ पुन्हा फुटते. खुरप्याने चार-सहा इंच खोल जाऊन गाठीसकट काढा आणि दर पंधरवड्याला परत फिरा. ग्लायफोसेट हे तणनाशक मारू नका: ते लॉनही मारतं, शिवाय २०२२ पासून पेस्ट कंट्रोल ऑपरेटरखेरीज कोणालाच वापरता येत नाही.

कागदपत्रं

दहापेक्षा कमी कामगार असतील तर गुमास्त्यासाठी (दुकान-आस्थापना नोंदणीसाठी) एजंटला पैसे देऊ नका, ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी फुकट होते. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर. पॅन मात्र पहिल्या बिलाआधी द्या. टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर) लागू झाला तर एकट्या मालकाच्या धंद्यात पॅन असताना १ टक्का कापला जातो, नसताना २०.

"जाता जाता त्या आंब्याच्या दोन फांद्या पण उडवा" याला नम्रपणे नाही म्हणा. १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज सोसायटीने करायचा आणि परवानगीची प्रत हातात आल्यावरच करवत बाहेर काढायची.