बंद दारापाशी अडलेला खेळ: मुलांचे गेम मास्टर होताना या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या पाच मुलांना घेऊन मी पहिल्यांदा रोलप्लेइंग गेम चालवला. यात प्रत्येक मूल गोष्टीतलं एक पात्र होतं आणि आपण काय करतो ते सांगतं, ते जमलं की नाही हे फासा ठरवतो आणि गोष्ट सांगत खेळ चालवणारा तो गेम मास्टर, म्हणजे मी. पडक्या किल्ल्यातलं भुयार, भुयाराला दार, दाराला कुलूप. ते उघडायला फाशावर पाच किंवा सहा हवे. पोरांनी आळीपाळीने फासा टाकला: दोन, तीन, एक, चार, दोन. झालं! खजिना आत, पोरं बाहेर आणि मी वहीतली सहा पानं हातात धरून बसलेलो. "काका, खाली क्रिकेटला जाऊ?"

पाच-सहा पडायची शक्यता तिनात एक. पाचही जण चुकतील असं साताठ वेळांत एकदा होणारच. तरी गोष्टीची एकुलती एक वाट मी त्या फाशाला टांगली होती. आता फासा द्यायच्या आधी मी स्वतःला विचारतो, नाही पडलं तर पुढे काय? उत्तर सुचत नसेल तर फासा नकोच, दार उघडतं. सुचलं तर हुकलेल्या फाशानेही दार उघडतं, पण असं करकरतं की पहारेकरी जागा होतो. पोरांना हेच जास्त आवडतं.

चार किंवा त्याहून जास्त पडलं की जमलं, एवढाच नियम ठेवा. कुणी भन्नाट युक्ती काढली (कुलपात दिव्याचं तेल ओतणं, उदाहरणार्थ) तर दोन फासे द्या आणि मोठा आकडा धरा. शक्यता निम्म्यावरून पाऊण होते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा यातला जुना, १९७४ सालचा अमेरिकन खेळ. त्यातला वीस बाजूंचा फासा दिसायला झकास, पण सात-आठ वर्षांच्यांना लुडोचा पुरतो.

दुसरी चूक म्हणजे पात्र मारून टाकणं. आपल्याला वाटतं, धोका खरा हवा. पण बाद झालेलं पोर तासभर नुसतं बघत बसतं आणि मग 'रडीचा डाव' सुरू होतो. त्यापेक्षा त्याला कैद करा, बेडूक करा, तलवार हरवू द्या. बेडूक झालेल्या मुलीने आमच्याकडे अख्खी मोहीम चालवली.

मोठ्या आवाजाचा एक जण सगळ्यांचे निर्णय घेतोय? "आता काय करायचं?" असं मोघम विचारू नका. नाव घेऊन विचारा: "तू खिडकीपाशी उभी आहेस, तुला काय दिसतंय?" जे दिसलं ते तिचं, तुम्ही मान्य करायचं. बरोबर आलेल्या धाकट्या भावाला लिंबूटिंबू म्हणून कडेला बसवू नका. त्याला किल्ल्यातलं कुत्रं करा.

एकमेकांचं सामान चोरणं मात्र सुरुवातीलाच बंद. तो राग घरापर्यंत जातो.

पाऊण तास झाला की थांबा, अगदी राक्षस समोर उभा असला तरी. दुसऱ्या दिवशी पोरं आपणहून बेल वाजवतात.