बिडाचा तवा घेतलाय? या चुका टाळा

नॉनस्टिक सोडून बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या तव्याकडे वळलेल्या घरांत पहिल्या काही दिवसांतच तक्रार सुरू होते: "घावन उलटतच नाही, सगळं चिकटतं." मग बीड माळ्यावर जातं आणि नॉनस्टिक पुन्हा शेगडीवर येतं. तव्यात खोट क्वचितच असते. नडते ती नॉनस्टिकची सवय.

पहिली चूक दुकानातच होते. 'पीएफओए-मुक्त' असं लिहिलेला तवा म्हणजे पर्यावरणपूरक, असं समजू नका. पीएफओए हे लेप तयार करताना वापरलं जाणारं रसायन. घातक, सहजी न विघटणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २०१९ साली गेलं. ते नसलं तरी वरचा लेप बहुधा पीटीएफईचाच, म्हणजे टेफ्लॉनचाच असतो. 'सिरॅमिक' तव्यांतही बहुतेकदा आत ॲल्युमिनियम आणि वर सिलिकाचा पातळ थर असतो. त्यात पीटीएफई नसतं हे खरं, पण हा थर लवकर बाद होतो आणि तवा टाकावा लागतो. सारखा नवा तवा घ्यावा लागणार असेल तर पर्यावरणाचं भलं कसलं? म्हणून खरेदीआधी माळा बघा. आजीच्या बिडाच्या तव्याला तडा गेला नसेल, तर चिंच-मीठ लावून, तारेच्या घासणीने गंज काढता येतो.

आता मुख्य गोष्ट, तवा तयार करणं. नवा तवा गंजू नये म्हणून त्यावर बहुधा तेल किंवा मेण लावलेलं असतं. साबण आणि गरम पाण्याने ते काढा, तवा गॅसवर खडखडीत वाळवा. मग जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल सगळीकडे चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा, जणू तेल चुकून लागलं होतं. इथेच बहुतेक जण चुकतात. "जास्त तेल, जास्त गुळगुळीत" असं वाटून थर जाड देतात. जाड तेल नीट भाजून कडक होत नाही, त्याचा चिकट राप बसतो आणि त्यालाच घावन धरून राहतं. असं झालं असेल तर घासून राप काढा, पुन्हा पातळ हात फिरवा, धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, निवू द्या. तीन-चार वेळा केलं की काळसर तकाकी येते. सुरुवातीला त्यावर कांदा परता, थालीपीठं लावा, घावन-आंबोळी नंतर.

तरीही चिकटत असेल तर आच तपासा. बीड सावकाश तापतं आणि बराच वेळ तापलेलं राहतं, त्यामुळे मंद आचेवर पाच-सात मिनिटं द्या. पीठ डावाबरोबर गोळा होऊन येत असेल तर तवा फार तापलाय: पाण्याचा हलका हबका मारा, पुसा, तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवा आणि मग पीठ घाला. कडकडीत तापलेला तवा नळाखाली मात्र धरू नका, तडकेल.

भाकरी आणि घावन एकाच तव्यावर करू नका. भाकरीचं कोरडं पीठ जळतं आणि तेलाचा थर ओढून घेतं. दोन तवे लागतातच.

चिंच, आमसूल, टोमॅटो यांचा रस्सा बिडाच्या कढईत तासभर ठेवला तर तो काळपट होतो, लोखंडाची चव उतरते आणि थरही जातो. आंबटासाठी स्टील किंवा कल्हईचं पितळ वापरा. पण कल्हईचं भांडं रिकामं तापवू नका; कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. घरात कुणाला थॅलेसेमियासारख्या आजारामुळे लोह साठण्याचा त्रास असेल, तर लोखंडी भांड्यात स्वयंपाक सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

धुतल्यावर तवा ओट्यावर ओला ठेवू नका. गॅसवर मिनिटभर वाळवा, तेलाचं बोट फिरवा आणि कोरड्या जागी उभा करून ठेवा.