सॅसमध्ये डेटासेट जोडताना कुठली रो कुठून आली ते कसं ठेवायचं

सॅस म्हणजे डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर, त्यात बारा महिन्यांचे बारा डेटासेट (म्हणजे टेबलं) एकाखाली एक जोडायला एका सेट स्टेटमेंटमध्ये टाकले, रन मारला, मोठं टेबल तयार. मग कोणीतरी विचारतं ही निगेटिव्ह अमाउंट कुठल्या महिन्यातली, आणि आपण गप्प, कारण महिन्याचा कॉलमच नाही, महिना फक्त डेटासेटच्या नावात होता.

जुनी पद्धत म्हणजे प्रत्येक डेटासेटला कंसात इन= (रो त्यातून आली का ते सांगणारी खूण) लावायचं आणि खाली इफ-एल्सची माळ. दोन-तीन असतील तर ठीक, बाराला कोण बसतंय. सॅस 9.2 पासून इनडीएसनेम= आहे, तेच वापरा (टाइप अर्थात इंग्रजीत करायचं):

डेटा वर्षभर;
लेंग्थ सोर्स $ 32;
सेट सेल्स_: इनडीएसनेम=कुठून;
सोर्स = स्कॅन(कुठून, 2, '.');
रन;

इनडीएसनेम हा सेटचा ऑप्शन आहे, त्यामुळे तो डेटासेटच्या नावांनंतर येतो, कंसात नाही. आणि सगळे इथेच फसतात: 'कुठून' हे व्हेरिएबल आउटपुटमध्ये जात नाही, म्हणून ते 'सोर्स'मध्ये कॉपी करावंच लागतं. 'कुठून'मध्ये लायब्ररीसकट (डेटासेट जिथे ठेवलाय त्या जागेच्या नावासकट, मध्ये टिंब) पूर्ण नाव येतं, तेही कॅपिटलमध्ये, म्हणून स्मॉल लेटर्समध्ये कम्पेअर केलंत तर एकही रो मॅच होणार नाही आणि एररही येणार नाही. स्कॅनने टिंबानंतरचा भाग न काढता पूर्ण नावच ठेवायचं असेल तर लेंग्थ 41 द्या.

दुसरं, कॅरेक्टर व्हेरिएबलची लेंग्थ पहिल्या डेटासेटवरून ठरते. पहिल्यात कस्टमरचं नाव 15 अक्षरांचं आणि दुसऱ्यात 30 चं असेल तर दुसऱ्यातली नावं गुपचूप कापली जातात, लॉगमध्ये फक्त वॉर्निंग. लेंग्थ सेटच्या वर लिहा. एकात न्यूमेरिक आणि दुसऱ्यात कॅरेक्टर असेल तर मात्र सरळ एरर येतो, जे खरं तर बरंच आहे.

आता त्या कोलनबद्दल. सेल्स_: म्हणजे त्या नावाने सुरू होणारे सगळे डेटासेट. मी एकदा आउटपुटचंच नाव सेल्स_ऑल ठेवलं, पहिला रन मस्त, दुसऱ्या रनला जुनं सेल्स_ऑलसुद्धा आत ओढलं गेलं आणि सगळ्या रो डबल, अर्धा दिवस मी जॉइनमधली (टेबलं जुळवण्यातली) चूक शोधत बसलेलो. शेवटी प्रॉक फ्रीक (कुठली किंमत किती वेळा आली ते मोजणारा प्रोसीजर) सोर्सवर चालवला तेव्हा यादीत बाराऐवजी तेरा नावं दिसली. तेव्हापासून आउटपुटचं नाव वेगळं, आणि जोडून झालं की आधी प्रॉक फ्रीक.