जर्मनीला शिकायला चाललात? आधी लेटरबॉक्सवर नाव लावा, आणि बाकीच्या चुका

बडोद्यात आंबे संपले की जर्मनीचा सीझन सुरू होतो. खंडेराव मार्केटला आईबरोबर भाजी घ्यायला गेले तरी कोणीतरी काकू हात धरतातच, "आमचा मुलगा ऑक्टोबरला चाललाय, तू होतीस ना गं तिकडे, जरा सांग ना त्याला." मी सांगते. मुलगा मान डोलावतो, मधे दोनदा मोबाइल बघतो आणि शेवटी म्हणतो, "ताई, शॉर्टमध्ये सांगा ना, बाकी एजंटने सगळं करून दिलंय." चार वर्षं हेच चाललंय. म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या काकूंना लिंक पाठवेन.

मी दोन वर्षं केम्निट्सला होते, पूर्व जर्मनीत, लाइपझिगहून ट्रेनने तासभर. १९५३ ते १९९० या गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं आणि मार्क्सचं सात मीटर उंच नुसतं डोकं अजून तिथे उभं आहे. आपण कसं न्यायमंदिरापाशी भेट म्हणतो, तसं तिथे सगळे डोक्यापाशी भेटतात.

आता माझी स्वतःची चूक आधी, कारण ती सगळ्यात बावळट आहे आणि दरवर्षी कोणीतरी करतंच.

मला एका फ्लॅटमध्ये खोली मिळाली, तिसरा मजला, बाकी दोघी आधीपासून राहणाऱ्या. सामान लावलं, देव मांडले, बँकेत अकाउंट उघडलं, इन्शुरन्स केला, सगळीकडे पत्ता दिला आणि कार्डची वाट बघत बसले. आठवडा गेला, दोन गेले. बँकेला फोन केला तर म्हणे पाठवलंय. परत पाठवा म्हटलं, परत पाठवलं म्हणे. इकडे मी मैत्रिणींकडून वीस-वीस युरो उसने घेऊन ब्रेड आणतेय, आईला व्हिडिओ कॉलवर सांगतेय की सगळं मस्त आहे. सहा आठवडे. मग एक दिवस फ्लॅटमधली मुलगी पोस्ट घेऊन वर आली आणि सहज विचारलं, "खाली तुझं नाव कुठेय?"

नाव? मला वाटलेलं पत्ता दिला की झालं. आपल्याकडे पोस्टमन पोळात, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीत शिरतो, ओट्यावरच्या आजींना विचारतो, आजी सांगतात ते तिसऱ्या माळ्यावरचे. तिकडे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुतेक नसतोच. रस्ता, बिल्डिंगचा नंबर, पिनकोड, बस. तुमची ओळख काय तर बेलवरचं आणि लेटरबॉक्सवरचं आडनाव. ते नाही म्हणजे तुम्ही तिथे राहत नाही, पाकीट जसंच्या तसं परत. पोस्टमनची काही चूक नाही, तो त्याचं काम बरोबरच करत होता.

आईने औषधांच्या डब्यात कापडी चिकटपट्टी दिलेली, तिचा तुकडा फाडला, बॉलपेनने आडनाव लिहिलं आणि चिकटवलं. तिसऱ्या दिवशी एकदम तीन पाकिटं. त्यात पिनचं होतं, कार्डचं नव्हतं, कारण दोन्ही वेगवेगळ्या पाकिटात येतात आणि कार्डवालं आधीच परत गेलेलं. व्हिसा ऑफिसची अपॉइंटमेंटसुद्धा अशीच हुकली, पत्र आलं आणि मला न भेटता गेलं. ती परत मिळवायला किती ईमेल केले ते विचारू नका.

तर सामान उघडायच्या आधी खाली जाऊन नाव लावा. घरमालक नीट छापलेली पट्टी देईल तेव्हा देईल, तोपर्यंत कागद आणि सेलोटेप. कोणाच्या घरी तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात तुमच्या नावाखाली "bei" (उच्चार बाय) लिहून त्यांचं आडनाव टाका, आपलं केअर ऑफ असतं तसंच ते. आणि पेटी रोज उघडा. मी अजूनही बडोद्यात आल्यागेल्या सोसायटीच्या पेट्या बघते, आई हसते.

आलेलं पत्र फोडा पण. हे वेगळं सांगावं लागतं. मुलं पाकीट बघतात, जर्मन दिसलं की टेबलावर ठेवून देतात. तिथे पत्रात तारीख असते आणि ती तारीख खरी असते. उदाहरण म्हणजे रेडिओ-टीव्हीचे पैसे, घरामागे महिन्याला १८.३६ युरो, तुमच्याकडे टीव्ही नसला तरी. "माझ्याकडे टीव्हीच नाही" म्हणून पत्र फेकणारे तीन जण मला माहीत आहेत, तिघांनाही थकबाकी दंडासकट भरावी लागली. खरं तर एका फ्लॅटला एकदाच भरायचं असतं, रूममेट भरत असेल तर तिच्या या फीच्या खात्याचा नंबर कळवला की झालं. पण त्यासाठी पत्र वाचावं लागतं ना.

दुसरी चूक महाग आहे. इथे बसून खोलीचे पैसे पाठवणं.

कारेलीबागमधला एक मुलगा, आमच्या ओळखीतला, म्युनिकला ॲडमिशन. म्युनिक म्हणजे जर्मनीतलं सगळ्यात महागड्या भाड्याचं शहर, आणि याला बाल्कनी, लाकडी फ्लोअरिंग, नवं किचन असलेली खोली मिळाली २८० युरोत, लाइट-हीटिंग धरून. मालकीण म्हणे कामासाठी लंडनला आहे, स्वतः येऊ शकत नाही, डिपॉझिट भरलं की चावी कुरिअरने येईल. विश्वास बसावा म्हणून पासपोर्टची कॉपीपण पाठवली. याने ९०० युरो भरले आणि मग मला फोटो पाठवला, "ताई कशी आहे रूम?" अरे, विचारायचं आधी असतं रे! पण घाई. ग्रुपवर सगळ्यांची घरं फायनल झाली, माझंच राहिलं, ही जी घाई असते ना, त्या घाईवरच ही लोकं जगतात. तो पोचला, पत्ता खरा होता, बिल्डिंग खरी होती, त्या मजल्यावर दाताचा दवाखाना होता. मग बारा रात्री हॉस्टेलमध्ये, आठ जणांच्या खोलीत.

चावी कुरिअरने येत नाही. मालक परदेशात आहे हे वाक्य वाचलं की बंद करा. मी काय सांगते, तर ॲडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी स्टुडंट हॉस्टेलच्या वेटिंग लिस्टला नाव घाला, मग बाकी पार्टी. ते नाहीच मिळालं तर पहिला महिना तात्पुरतं घ्या, आणि भाडं विचारायच्या आधी विचारा, इथे आनमेल्डुंग होईल का? म्हणजे महानगरपालिकेत पत्त्याची नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. पाठ करा, मला आठवडा लागला. स्वस्त खोलीवाले पुष्कळदा हाच कागद देत नाहीत आणि त्याच्यावाचून पुढचं सगळं अडतं, टॅक्स नंबरपासून रेसिडन्स परमिटपर्यंत. डिपॉझिटचं म्हणाल तर कायद्याने मूळ भाड्याच्या तीनपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, मूळ म्हणजे हीटिंग वगैरे न धरता.

पैशांचं थोडक्यात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ मिळतात, एकदम नाही. पोरांना वाटतं खात्यात अकरा हजार आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं ती स्कॉलरशिपसुद्धा महिना साडेअकरा पौंड अशीच होती. महिन्याचा हिशोब जमला तरच शिक्षण होतं. शिवाय तिकडे अकाउंट उघडून सुरू केल्याशिवाय यातला युरोही हातात येत नाही, म्हणून मी सगळ्यांना पंधराशे युरो वेगळे न्यायला सांगते. एजंट पाचशे पुरतात म्हणतो. एजंट तिथे राहिलेला नसतो.

तूप आणि पनीर नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ बॅगेत चालत नाहीत. ताजा कढीपत्तापण नाही, वाळवून वगैरे जुगाड मला विचारू नका.

तीन पिनचा मिक्सर तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. ॲडॉप्टर इथूनच न्या, दोन.

हिवाळ्यात खिडकी बंद ठेवून डाळ उकळू नका. दिवसातून दोनतीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, थंडी वाजली तरी, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि ती डिपॉझिटमधून वजा होते.

पार्टटाइम कामाला वर्षाचे १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, २०२४ पासून. रोखीतलं काम कोणी दिलं तर नाही म्हणा. "सगळेच करतात" हे मी ऐकलंय, पकडलेले पण बघितलेत.

आणि शनिवारी रात्री पोचेल असं तिकीट काढू नका. रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनवरची सोडून, आणि पहिल्याच दिवशी स्टेशन शोधत फिरायची हौस नसते. हे मी माझ्या मावसबहिणीला तीनदा सांगितलं. तिने शनिवारचंच काढलंय, चार हजार स्वस्त होतं म्हणून. मावशी आता थेपले लाटतेय.