मिक्श्चरला हात लावण्याआधी: स्टॉक ईसीएमच्या गाडीत या चुका टाळा

हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) बदलला, कोन फिल्टर बसवला, मागे फ्री-फ्लो सायलेन्सर टाकला आणि गाडी स्लोला (पाय न देता नुसती चालू असताना) मिसिंग करायला लागली, की गॅरेजच्या दारात येणारा जवळजवळ प्रत्येक पोरगा एकच सांगतो, "दादा, लीन चाललीय, जरा पेट्रोल वाढवून द्या." लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, हे कशावरून ठरवलं, विचारलं की मोबाइल पुढे येतो. त्यात स्वस्तातल्या ब्लूटूथ डोंगलने दाखवलेला एक आकडा असतो. त्या एका आकड्यावर भरवसा ठेवून केलेली कामं निस्तरण्यात माझे कितीतरी रविवार गेले आहेत.

तो आकडा काय सांगतो ते आधी पाहू. हलक्या थ्रॉटलवर स्टॉक ईसीएम, म्हणजे कंपनीने दिलेला इंजिनचा कॉम्प्युटर, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत चालतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. सेन्सर लीन म्हणाला की पेट्रोल वाढवतो, रिच म्हणाला की कमी करतो. ही क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली की तो ती लक्षात ठेवतो, ती लाँग टर्म ट्रिम. लाँग टर्म अधिक 12 दिसलं, याचा अर्थ ईसीएम आधीच 12 टक्के पेट्रोल वाढवून देतोय. म्हणजे हलक्या थ्रॉटलवर त्याच्या मते मिक्श्चर आता बरोबर आहे. आपण वरून आणखी वाढवलं, तर तो आपल्या खात्यातून तेवढंच काढून टाकणार.

सगळीकडे सारखं पेट्रोल वाढवून त्याच दिवशी खूश होणं

ॲडजस्टेबल रेग्युलेटर लावून फ्युएल प्रेशर 3 बारवरून 4 बार केलं की इंजेक्टरमधून साधारण 15 टक्के पेट्रोल जास्त येतं. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 33 टक्के प्रेशरला 15 टक्केच. संध्याकाळी हायवेवर ट्रायल मारली, गाडी उचलतेय असं वाटलं, मित्रांना सांगून झालं. पुढच्या दोन-तीन दिवसांत ईसीएम उणे 13 टक्क्यांच्या आसपास शिकतो आणि क्रूझिंगमध्ये गाडी होती तिथेच येते.

पण खरी भीती फुल थ्रॉटलची आहे. पाय पूर्ण दाबला की स्टॉक ईसीएम सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि आपल्या टेबलमधून पेट्रोल देतो. बरेच ईसीएम तिथेसुद्धा शिकलेली लाँग टर्म ट्रिम लावतात. आता समजा पिगीबॅकमध्ये (ईसीएमच्या सिग्नलमध्ये फेरफार करणारा वरून जोडलेला बॉक्स) तुम्ही हलक्या थ्रॉटलच्या खान्यांत 10 टक्के वाढवले आणि फुल थ्रॉटलचे खाने शून्यावर सोडले. ईसीएम खाली उणे 9 शिकला आणि तेच घेऊन वर गेला. घाटात तिसऱ्या गिअरवर, 4500 आरपीएमला, जिथे इंजिनला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं तिथे नेमकं 9 टक्के कमी मिळालं. नॉकिंगचा, म्हणजे मिक्श्चर आपोआप भडकण्याचा, तो खळखळ आवाज फ्री-फ्लोच्या गोंगाटात ऐकूही येत नाही. रिंगच्या मधला कंगोरा तुटलेले पिस्टन मी हातात घेऊन पाहिले आहेत. त्यातल्या एका पोराने इंजिनचं काम करायला बहिणीकडून पैसे उसने घेतले होते. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी सवय उलटी आहे. क्लोज्ड लूपच्या भागाला मी हात लावतच नाही, तो ईसीएमने सांभाळावा. तिथली ट्रिम अधिक-उणे 5 च्या आत आली नाही तर आधी गाडीतला दोष शोधतो. पिगीबॅकने फक्त वरचे खाने भरतो आणि प्रत्येक बदलानंतर किमान 100 किलोमीटर रोजच्यासारखी गाडी चालवून मग पुन्हा फुल थ्रॉटल पाहतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला तिथे लॅम्डा 0.85 ते 0.88 मला पटतो (लॅम्डा 1 म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते तेवढीच हवा, त्याखाली रिच, वर लीन). आजच्या आज हातात द्या म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

हेडरची गळती न पाहता ट्रिमवर विश्वास ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

कोल्हापूरचाच एक पोरगा 1.2 लिटरची हॅचबॅक घेऊन आला. बाहेरून बनवून आणलेला 4-2-1 हेडर होता. "दादा, गाडी पळंना झाली, आणि पेट्रोल तर पितीया नुसती." ॲव्हरेज 16 वरून 12-13 वर आलं होतं. स्कॅनर लावला तर स्लोला लाँग टर्म अधिक 21, तीन हजार आरपीएमला अधिक 7, आणि मेमरीत पी 0171, म्हणजे सिस्टिम लीन. मी सरळ लीनच्या मागे लागलो. फ्युएल फिल्टर बदलला, प्रेशर मोजलं, इंजेक्टर काढून साफ करून आणले. आकडा हलला नाही. मग पिगीबॅकमध्ये 8 टक्के वाढवले. दोन दिवसांनी ट्रिम अधिक 12 वर आली आणि मी समजलो की जमतंय. प्रत्यक्षात इंजिनात जाणारं पेट्रोल तेवढंच होतं. ते देणारा हात तेवढा बदलला होता.

प्लग काढले तेव्हा डोळे उघडले. चारही प्लग काजळी धरल्यासारखे काळे, कोरडे, बोटाला माखणारे. ट्रिम म्हणते लीन आणि प्लग म्हणतात रिच. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पेट्रोलचा विचार बाजूला ठेवायचा आणि सायलेन्सरच्या लाइनीकडे जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, इंजिन गार असताना, बॉनेट उघडून गाडी चालू केली. हेडर आणि हेडच्या जोडाजवळ बारीक टिक्-टिक् येत होतं. दीड-दोन मिनिटांत धातू तापून फुगला आणि आवाज बंद झाला. म्हणूनच दुपारी आणलेल्या गरम गाडीत मला तो कधी ऐकू आला नव्हता. खात्रीसाठी इंजिन पुन्हा गार होऊ दिलं, मागच्या पाइपातून ब्लोअरने हवा सोडली आणि जोडावर साबणाचं पाणी मारलं. तिसऱ्या सिलिंडरच्या पॅकिंगखाली फुगे आले. हेडर उतरवून फ्लँजवर (हेडला चिकटून बसणाऱ्या त्याच्या जाड तोंडावर) स्टीलची पट्टी धरली तर मधे 0.3 मिलिमीटरची फीलर पट्टी आरामात शिरत होती. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकला होता.

एवढ्याशा फटीने काय होतं? एक्झॉस्टचा वायू ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. दोन ठोक्यांच्या मधे पाइपात दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या सेन्सरला त्यातला ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन म्हणतो. आरपीएम आणि लोड वाढला की हा परिणाम कमी होतो, म्हणून स्लोला 21 आणि वर 7. फ्लँज घासून सपाट केला, नवं पॅकिंग घातलं, नट मधून बाहेरच्या बाजूला टॉर्क पान्याने आवळले. ट्रिम उणे 6 वर गेली, कारण माझे 8 टक्के अजून आत होते. ते काढल्यावर अधिक 2. इंजेक्टर साफ करण्याचे पैसे मी त्याच्याकडून घेतले नाहीत.

तेव्हापासून हेडर बदललेली गाडी माझ्याकडे रात्रभर थांबते. सकाळी गार इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय मी स्कॅनर लावत नाही. त्यावरून कुरकुर करणारे असतात, मी ऐकत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ऑनलाइन मिळणारी "परफॉर्मन्स चिप" बसवू नका. बहुतेकांत हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायचा एक रेझिस्टर असतो. हवा गार आहे असं समजून ईसीएम थोडं पेट्रोल वाढवतो, ते ट्रिममध्ये परत जातं, आणि गार हवेसाठी पुढे घेतलेलं ठिणगीचं टायमिंग मात्र तसंच राहतं.

स्टॉक ऑक्सिजन सेन्सरच्या व्होल्टेजवर फुल थ्रॉटल जुळवू नका. लॅम्डा 1 च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच तो सांगतो. नेमका लॅम्डा मोजणारा वाइडबँड सेन्सर लागतोच.

मोठे इंजेक्टर टाकून "ईसीएम शिकेल" म्हणू नका. ट्रिमला मर्यादा असते, साधारण 25 टक्क्यांच्या आसपास, आणि इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ बदलला की स्लो बिघडतो तो वेगळाच.

सेन्सरजवळ साधं सिलिकॉन लावू नका. त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

चेक इंजिन लाइट घालवायला बॅटरीची तार काढू नका. शिकलेल्या ट्रिम पुसल्या जातात आणि दोषाचा मागही जातो. मी आधी स्लो, 1500, 2500 आणि 3000 आरपीएमचे आकडे वहीत लिहून घेतो.

वाइडबँडवर 14.7 शोधत बसणं

एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला किती भाग हवा लागते, त्याचा 14.7 हा इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा आकडा. 2025 मध्ये आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत आलं, आणि त्या पेट्रोलला पूर्ण जळायला साधारण 13.5 भाग हवा पुरते. सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो. गेज त्याला 14.7 ने गुणून दाखवतं, त्यामुळे पेट्रोल कुठलंही असलं तरी मिक्श्चर बरोबर असलं की पडद्यावर 14.7 च येतं आणि माणूस टाकीत काय आहे ते विसरतो. गेजची सेटिंग लॅम्डावर करून टाका. 10 टक्के इथेनॉलसाठी बनलेल्या गाडीत 20 टक्क्यांचं पेट्रोल भरल्यावर ट्रिम चार-पाच टक्के वर सरकली, तर तो दोष नाही. म्हणून मी वहीत ट्रिमच्या शेजारी कुठल्या पंपाचं पेट्रोल आणि कधी भरलं, तेही लिहितो.