अनोळखी पार्टनरबरोबर ब्रिज: बोलीतल्या या चुका टाळा

अनोळखी पार्टनरबरोबर हरलेले बरेचसे डाव पहिली उतारी व्हायच्या आधीच हरलेले असतात. कन्व्हेन्शन (ठरवून खास अर्थ दिलेली बोली) येत नाही म्हणून नव्हे, तर एकच बोली दोघांनी दोन अर्थांनी घेतली म्हणून.

‘आपलं नेहमीचंच खेळू’ म्हणून टेबलावर बसणं. नेहमीचं म्हणजे कुणाचं? एकाचा १ नो ट्रम्प (हुकमाशिवाय सात हात करायची बोली) १५ ते १७ पॉइंटचा असतो (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), एकोल ही ब्रिटिश बोलीपद्धत शिकलेल्याचा १२ ते १४ चा. तुमच्याकडे ११ पॉइंट असले तर पहिल्यासमोर थेट गेम (बोनस मिळवून देणारी बोली, इथे ३ नो ट्रम्प) सांगायचा, दुसऱ्यासमोर फक्त निमंत्रण द्यायचं. म्हणून आधी पाच मिनिटं काढा आणि एवढं ठरवा: नो ट्रम्पची रेंज, बदाम-इस्पिकच्या ओपनिंगला, म्हणजे डावातल्या पहिल्या बोलीला, पाच पानं लागतात की चार, दोनच्या बोल्या दुबळ्या की बळकट, ट्रान्सफर (आपल्या रंगाच्या खालचा रंग सांगून पार्टनरला आपला रंग सांगायला लावणं) आहे की नाही, एक्के विचारल्यावर उत्तरं कशी द्यायची. त्या पाच मिनिटांत डझनभर कन्व्हेन्शनची नावं सांगणाऱ्याला थांबवा. ओपनिंगनंतरच्या दुसऱ्या बोलीचा अर्थ पक्का नसेल, तर त्या नावांचा काहीच उपयोग नाही.

१ नो ट्रम्पवर ४ नो ट्रम्प. सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. ओपनरचे पत्ते असे आहेत: इस्पिक एक्का-राणी-४, बदाम राजा-गुलाम-५, चौकट एक्का-९-६-२, किलवर गुलाम-८-३. एकूण १५ पॉइंट. समोर इस्पिक राजा-गुलाम-५, बदाम एक्का-राणी-४, चौकट राजा-गुलाम-३, किलवर राणी-१०-९-२, म्हणजे १६ पॉइंट. रिस्पॉन्डर, म्हणजे ओपनरचा पार्टनर, ४ नो ट्रम्प सांगतो. त्याला म्हणायचंय, ‘१७ असतील तर सहा, १५ असतील तर पास.’ ओपनरला ते ब्लॅकवुड (४ नो ट्रम्प सांगून एक्के विचारणं) वाटतं आणि दोन एक्के दाखवायला तो ५ बदाम सांगतो. त्यावर पास करावा तर हुकूम दोघांकडे तीन-तीन पानांचा. निसटण्यासाठी रिस्पॉन्डर ५ नो ट्रम्प सांगतो, तर ओपनर त्यालाही राजांची चौकशी समजतो आणि ६ चौकट सांगतो. गाडी ६ नो ट्रम्पवर थांबते. किलवरचा एक्का आणि राजा दोन्ही विरोधकांकडे आहेत, त्यामुळे बारा हात कधीच होत नाहीत. ४ नो ट्रम्पवर पास झाला असता तर दहा हात आरामात होते.

हुकूम ठरलेला नसताना, नो ट्रम्पच्या ओपनिंगवर थेट आलेली ४ नो ट्रम्प ही स्लॅमचं (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीचं) निमंत्रण असते, एक्क्यांची चौकशी नव्हे. पण हे बोलून झालेलं नसेल तर १६ पॉइंटवर ही बोली काढूच नका. ३ नो ट्रम्प सांगा. दोघांचे मिळून ३१ ते ३३ होतात आणि सहा नो ट्रम्पला साधारण ३३ लागतात. हातून फार काही सुटत नाही. १८ असतील तर थेट ६ नो ट्रम्प.

एक्क्यांची उत्तरं गृहीत धरणं. ५ किलवर या उत्तराचा अर्थ साध्या ब्लॅकवुडमध्ये शून्य किंवा चार एक्के. कीकार्ड ब्लॅकवुडमध्ये हुकमाचा राजा पाचवा एक्का धरतात, आणि तिथे त्याच उत्तराचा अर्थ एका पद्धतीत शून्य किंवा तीन, दुसरीत एक किंवा चार. ठरलं नसेल तर साधं ब्लॅकवुड खेळा.

डबल. पार्टनर १ बदाम, विरोधक २ किलवर, तुमचा डबल. आज बहुतेकांसाठी हा इस्पिकची चार पानं दाखवणारा निगेटिव्ह डबल असतो. जुन्या वळणाचा खेळाडू त्याला दंडाचा (विरोधकांची बोली बुडेल असं सांगणारा) समजून पास करतो. न ठरवता बसलात तर २ इस्पिकपर्यंतचे असे डबल बोलायला लावणारे धरा. हुकमात खात्रीचे हात नसतील तर खालच्या पातळीवर दंडाचा डबल देऊच नका. डबल झालेले २ इस्पिक निघाले की विरोधकांना फुकट गेम, व्हल्नरेबल (दंड आणि बोनस वाढलेल्या स्थितीत) नसतानाही ४७०.

प्रिएम्प्ट (दुबळ्या पत्त्यांवर, लांब रंगाची, विरोधकांना अडवणारी उंच बोली) करून पुन्हा बोलणं. एकदा सांगितलंत, आता निर्णय पार्टनरचा.

पार्टनरच्या ३ नो ट्रम्पवरून त्याला ‘वाचवणं’. त्याचे पत्ते तुम्हाला दिसत नाहीत. पास करा.

रिस्पॉन्डरच्या नव्या रंगावर पास. आधी पास न केलेल्या रिस्पॉन्डरने एकच्या पातळीवर नवा रंग काढला की ओपनरने बोलायलाच हवं, पत्ते कितीही किमान असोत.

पार्टनरच्या खुलाशावरून सावध होणं. तुम्ही २ बदाम ट्रान्सफर म्हणून सांगितलेत आणि पार्टनरने विरोधकांना ‘खरे बदाम’ असं सांगितलं, तर ते ऐकलंच नाही असं धरून पुढची बोली लावायची. बोली चालू असताना चेहऱ्यानेही दुरुस्ती करायची नाही. डाव तुमची जोडी खेळणार असेल तर शेवटच्या पासनंतर, पहिल्या उतारीआधी, डायरेक्टरला बोलावून खुलासा करा. बचावाला असाल तर डाव संपल्यावर.