भाऊ आघाडीवर, बहीण इस्पितळात : पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश भावंडांच्या नोंदी कशा शोधाव्यात

पहिल्या महायुद्धात एकाच घरातून मुलगा सैन्यात आणि मुलगी परिचारिका म्हणून परदेशी गेल्याची उदाहरणे ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. अशा कुटुंबाचा अभ्यास करताना अनेक जण भावाचा मागोवा पूर्ण करून मगच बहिणीकडे वळतात, आणि तोवर तिच्यासाठी उत्साह उरलेला नसतो. हा क्रम मला अन्यायाचा वाटतो आणि कामाच्या दृष्टीनेही तो तोट्याचा आहे. दोघांची माहिती एकाच वेळी जमवावी व एका मोठ्या कागदावर डावीकडे भावाच्या आणि उजवीकडे बहिणीच्या तारखा मांडत जावे, म्हणजे एकाच्या कागदांतील पोकळी दुसऱ्याच्या कागदांनी भरून काढता येते.

बहिणीच्या बाबतीत सर्वांत आधी ती कोणत्या सेवेत होती हे ठरवावे, कारण कागद कुठे सापडतील हे त्यावरच अवलंबून असते. लष्कराच्या प्रशिक्षित परिचारिकांच्या, म्हणजे क्वीन अलेक्झांड्राज इम्पीरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आणि टेरिटोरियल फोर्स नर्सिंग सर्व्हिस यांच्या फायली लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्धखाते) ३९९ या मालिकेत आहेत. व्हॉलंटरी एड डिटॅचमेंटमधील, म्हणजे व्हीएडी स्वयंसेविकांची कार्डे मात्र ब्रिटिश रेडक्रॉसकडे असून ती ऑनलाइन पाहता येतात. या कार्डांवरील मजकूर त्रोटक असतो. तरीही रुजू झाल्याची व सेवा संपल्याची तारीख आणि घरचा पत्ता मिळाला तरी पुढचे काम सुरू होते. युद्धानंतर लग्न झालेल्या स्त्रीचा शोध माहेरच्या व सासरच्या अशा दोन्ही आडनावांनी घ्यावा.

भावाच्या बाबतीत तो अधिकारी होता की साधा शिपाई हे आधी पाहावे. सप्टेंबर १९४० मधील लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात शिपायांच्या सेवापत्रांपैकी निम्म्याहून अधिक जळून गेली. जी अर्धवट होरपळून वाचली ती डब्ल्यूओ ३६३ मध्ये आहेत. अधिकाऱ्यांच्या मूळ फायलीही त्याच आगीत गेल्या, परंतु त्यांच्यासंबंधीच्या पत्रव्यवहाराच्या बऱ्याच फायली डब्ल्यूओ ३३९ आणि डब्ल्यूओ ३७४ या मालिकांत उरल्या आहेत. सेवापत्र मिळाले नाही म्हणून शोध थांबवू नये. डब्ल्यूओ ३७२ मधील पदककार्डांवर हुद्दा आणि तुकडी मिळते, काही कार्डांवर परदेशातील युद्धक्षेत्रात पाऊल ठेवल्याची तारीखही असते. परदेशी सेवा केलेल्या परिचारिकांचीही अशी कार्डे आहेत.

यानंतरचे साधन म्हणजे डब्ल्यूओ ९५ मधील युद्धदैनंदिन्या, आणि सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. पलटणीत रोज काय घडले याची नोंद तिचा अधिकारी ठेवत असे. अनेक लष्करी इस्पितळांच्याही अशा दैनंदिन्या आहेत. फ्रान्समधील ब्रिटिश लष्करी परिचारिकांच्या प्रमुख (मेट्रन-इन-चीफ) मॉड मॅकार्थी यांची दैनंदिनी याच मालिकेत असून परिचारिकांच्या बदल्या, आजारपण आणि राहण्याची व्यवस्था यांविषयी तिच्याइतका समृद्ध आधार क्वचितच सापडेल. एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे या मालिकेची रचना युद्धक्षेत्रांनुसार आहे. त्यामुळे पलटण फ्रान्समधून इटलीत गेली असेल, तर तिची दैनंदिनी दोन वेगळ्या क्रमांकांखाली शोधावी लागते.

ही पद्धत किती उपयोगी पडते हे एडवर्ड आणि पुढे लेखिका म्हणून प्रसिद्ध झालेली व्हेरा ब्रिटन या भावंडांच्या तारखा शेजारी ठेवल्यावर दिसते. एडवर्ड शेरवुड फॉरेस्टर्स या रेजिमेंटच्या ११व्या पलटणीत अधिकारी होता. १ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, तो जखमी झाला आणि लंडनमधील कॅम्बरवेल येथील फर्स्ट लंडन जनरल हॉस्पिटलमध्ये आणला गेला. त्याच इस्पितळात व्हेरा व्हीएडी म्हणून काम करत होती. त्या शरद ऋतूत ती माल्टाला गेली, तेव्हा तो इंग्लंडमध्येच होता. १९१७च्या ऑगस्टमध्ये ती फ्रान्समधील एताप्ल येथील २४ जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाली. एडवर्ड तेव्हा पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर होता, पण कापोरेत्तो येथे इटलीचा पराभव झाल्यानंतर तिच्या मदतीला पाठवलेल्या सैन्यात त्याची पलटण होती आणि नोव्हेंबरात तो इटलीकडे निघाला. १९१८च्या वसंतात व्हेराला आईवडिलांसाठी लंडनला परतावे लागले. १५ जून १९१८ रोजी उत्तर इटलीतील आसियागोच्या पठारावर एडवर्ड मारला गेला. ती त्याच्या किती जवळ गेली होती आणि पुन्हा किती दूर राहिली, हे दोन वेगवेगळ्या फायली वेगवेगळ्या दिवशी वाचून ध्यानात येणार नाही.

पत्रे वाचतानाही तारखा मांडलेला हाच मोठा कागद समोर असावा. सेन्सॉरमुळे सैनिकाला ठिकाणाचे नाव लिहिता येत नसे. तेव्हा पत्राची तारीख पलटणीच्या दैनंदिनीशी जुळवून जागा ठरवावी.

मराठी वाचकांपैकी काहींच्या घरातील माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली होती. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत अल-अमारा येथे तुर्की सैन्याकडून वेढल्या गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथे शरणागती पत्करावी लागली. तेथील दैनंदिन्याही डब्ल्यूओ ९५ मध्येच आहेत. मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. भारतीय जवानांच्या नोंदींत अनेकदा वडिलांचे नाव आणि गाव दिलेले असते, मात्र गावाच्या नावाचे स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे केलेले असल्यामुळे तीन-चार वेगवेगळी रूपे टाकून पाहावीत.

कागदावर मांडलेल्या प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या नोंदीतून घेतली हे लिहावे. एडवर्डच्या मृत्यूची तार घरी पोहोचायला जवळजवळ आठवडा लागला होता, म्हणून मृत्यूची तारीख तारेवरून ठरवू नये. पलटणीची दैनंदिनी आणि कमिशनची नोंद या दोन्हींशी ती ताडून घ्यावी.